निकाल बाटलीतच लागतो: कातडीचा तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली

हापूस वरून पिवळाधमक, वासही घमघमतो, आणि कापला की आत कोयीजवळ पांढरट, आंबूस साका. कोकणात हा प्रकार कुणाला सांगायला नको. कातडीच्या तुकड्याचंही नेमकं असंच होतं. बायोप्सी काढली, बाटलीत टाकली, बाटली मुंबईला पोचली. तुकडा वरून घट्ट, नीट दिसतो. पण औषध त्याच्या गाभ्यापर्यंत वेळेत पोचलंच नाही, म्हणून आतल्या पेशी कधीच फुगून, फुटून गेलेल्या. मग ते महागडं यंत्र त्या बिघडलेल्या पेशींचा अतिशय सुस्पष्ट फोटो काढून देतं.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं नाव निघालं की सगळी चर्चा यंत्राभोवती फिरते: किती पट मोठं दिसतं, किती व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात कातडीच्या बाबतीत चित्र चांगलं येणार की वाईट, हे पहिल्या काही मिनिटांत ठरून जातं, आणि ती मिनिटं मायक्रोस्कोपपासून शेकडो किलोमीटर दूर, कणकवलीच्या किंवा दापोलीच्या एखाद्या दवाखान्यात घडतात. म्हणून या लेखात यंत्राला थोडी जागा आहे आणि त्याआधीच्या कामाला जास्त.

साधा मायक्रोस्कोप कुठे अडतो

जाळ्याचा आस मोठा असेल तर जवळा त्यातून निसटणारच. साध्या मायक्रोस्कोपचं जाळं म्हणजे प्रकाश. प्रकाशाच्या लाटेची लांबी 400 ते 700 नॅनोमीटर, त्यामुळे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी त्याला वेगळ्या दाखवता येत नाहीत. भिंग कितीही चांगलं घ्या, धूसर गोष्ट मोठी होईल, स्पष्ट होणार नाही. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस साधारण 70,000 नॅनोमीटर जाड असतो.

प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरले तर आस एकदम बारीक होतो. 80 किलोव्होल्टवर इलेक्ट्रॉनची लाट 0.004 नॅनोमीटरच्या आसपास येते. बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी 1931 साली असं पहिलं यंत्र उभं केलं. रुस्कांना त्यासाठी नोबेल मिळालं ते 1986 साली, म्हणजे तब्बल 55 वर्षांनी. चुंबकी भिंगांतले दोष आणि रंगद्रव्याचे कण धरले, तर कातडीच्या तुकड्यात प्रत्यक्ष दोन-एक नॅनोमीटरपर्यंतचं दिसतं. तेवढं आपल्या कामाला भरपूर झालं.

यंत्रं दोन जातींची. एकात इलेक्ट्रॉन अतिशय पातळ कापातून आरपार जातात आणि खालच्या कॅमेऱ्यावर सावली पडते. ते टीईएम (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप), पेशीच्या आतलं दाखवणारं. दुसऱ्यात इलेक्ट्रॉनचा बारीक झोत वस्तूच्या पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरतो आणि तिथून उडणारे इलेक्ट्रॉन टिपले जातात. ते एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप), वरवरचा उंचसखलपणा दाखवणारं. दोन्ही चित्रं काळी-पांढरीच असतात. इंटरनेटवर दिसणारी निळी-गुलाबी चित्रं नंतर कॉम्प्युटरवर रंगवलेली असतात.

हे सगळ्यांना लागत नाही

गजकर्ण, खरूज, सोरायसिस यांसाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी करायला सांगणारा डॉक्टर भेटला, तर दुसरा डॉक्टर गाठावा. गजकर्णाला पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात टाकलेला कातडीचा कोंडा पुरतो. कुष्ठरोगालाही कानाच्या पाळीवरून घेतलेला स्मिअर साध्या मायक्रोस्कोपखाली बघतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कुष्ठजंतू भक्षक पेशीच्या आत, भोवती एक पारदर्शक पोकळी घेऊन बसलेला दिसतो. चित्र बघण्यासारखं असतं, पण निदानासाठी त्याची गरज नसते.

गरज लागते ती मोजक्या ठिकाणी. जन्मापासून हलक्या घासण्यानेही फोड येणारं बाळ, म्हणजे एपिडर्मोलिसिस बुलोसा. रबरासारखी ताणली जाणारी कातडी आणि ढिले सांधे, म्हणजे एहलर्स-डॅनलॉस. फॅब्रीसारखे साठ्याचे आजार, ज्यांत पेशीला एखादा पदार्थ पचवता येत नाही आणि तो आतच साचत जातो. आणि कॅडासिल, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार, ज्याची खूण कातडीतल्या रक्तवाहिन्यांतही सापडते. यांतल्या बऱ्याच ठिकाणी आता जनुकचाचणी पुढे आली आहे. तरी जनुकात सापडलेला बदल खरंच काही बिघडवतो का, असा प्रश्न उरला की पुन्हा हाच तुकडा कामाला येतो.

तुकडा काढताना

कातडी सुन्न करण्याचं इंजेक्शन ठरलेल्या जागेच्या आत द्यायचं नाही, भोवती गोल द्यायचं. आत दिलं तर औषधाचं पाणी पेशींच्या मधे शिरतं आणि नंतर ती सूज आजाराची की सुईची, हे कुणालाच सांगता येत नाही. 4 मिलिमीटरचा पंच, म्हणजे कातडीचा गोल तुकडा कापणारं हत्यार, पुरे होतो. कॅडासिलची शंका असेल तर पंच खोल जायला हवा, कारण बघायच्या असतात त्या अंतस्त्वचेच्या तळाच्या छोट्या धमन्या. वरवरच्या तुकड्यात त्या येतच नाहीत.

दातेरी चिमट्याने तुकडा कधीही उचलू नये. चिमटा दाबला की बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा एकमेकींपासून सुटतात, आणि फोडांच्या आजारात नेमकं हेच सुटणं कुठल्या पातळीवर झालंय ते बघायचं असतं. म्हणजे चिमट्याने तयार केलेला खोटा फोड रिपोर्टमध्ये जाण्याची सोय झाली. सुईच्या टोकाने तुकडा अलगद उचलायचा, खालून बारीक कात्रीने सोडवायचा. कोरड्या गॉजवर ठेवायचा नाही, गॉज तुकड्यातलं पाणी ओढून घेतं.

फोडांच्या आजारात जुना फोड निरुपयोगी. फोड येऊन दिवस उलटला की तळाशी नवीन पेशी सरकायला लागतात आणि चिरेची मूळ पातळी झाकली जाते. म्हणून चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर पेन्सिलीचं खोडरबर टेकवून हलकेच पिरगाळतात, जागा लाल झाली की काही मिनिटं थांबतात, आणि त्या जागेच्या कडेवरून तुकडा घेतात. आईला आधी नीट समजावून सांगावं: "ताई, आम्ही मुद्दाम छोटा फोड आणतोय, त्याशिवाय कातडी नेमकी कुठून सुटते ते कळणार नाही." न सांगता केलं तर खोलीत काय होईल, ते वेगळं लिहायला नको.

आता घड्याळ सुरू. रक्तपुरवठा तुटला की काही मिनिटांतच पेशीतले माइटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारे कण, फुगायला लागतात. साध्या मायक्रोस्कोपला ते कळणारही नाही, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला लगेच कळतं. बाहेर एप्रिलचा उकाडा असेल तर हे आणखी लवकर होतं. त्यामुळे बाटली आधी तयार ठेवायची, मग सुई टोचायची.

बाटलीत काय असतं

नेहमीच्या बायोप्सीचं 10 टक्के फॉर्मालिन इथं चालत नाही. ते पेशीत झटकन शिरतं, पण प्रथिनांची पकड ढिली ठेवतं, आणि पुढच्या कडक रसायनांत पेशींचे पडदे टिकत नाहीत. 1963 साली साबातिनी, बेन्श आणि बार्नेट यांनी ग्लुटराल्डिहाइडचा उपयोग दाखवून दिला. त्याचा रेणू दोन्ही टोकांनी प्रथिनांना पकडतो, त्यामुळे विण घट्ट बसते. तोटा एकच, ते फार सावकाश आत जातं. तासाभरात जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर. 4 मिलिमीटरचा पंच अख्खा टाकला तर मधल्या भागाचा साका ठरलेलाच.

100 मिलिलिटर द्रावण असं करतात: 25 टक्क्यांचं ग्लुटराल्डिहाइड 10 मिलिलिटर, 0.2 मोलर फॉस्फेट किंवा कॅकोडायलेट बफर 50 मिलिलिटर, ऊर्ध्वपातित पाणी 40 मिलिलिटर. पीएच 7.2 ते 7.4. झालं 2.5 टक्के. कॅकोडायलेटमध्ये आर्सेनिक असतं, ते मोरीत ओतायचं नाही. बफर कशासाठी, तर पीएच स्थिर राहावा आणि क्षारांचं प्रमाण पेशीला मानवेल असं राहावं म्हणून. समुद्राच्या पाण्यात साधारण 3.5 टक्के मीठ, माणसाच्या रक्ताशी जुळणाऱ्या सलाइनमध्ये 0.9 टक्के. बाहेरचं द्रावण जास्त खारं झालं तर पेशी आक्रसते, नुसतं पाणी असेल तर फुगून फुटते.

ग्लुटराल्डिहाइड उष्णतेत आपल्याआपण साखळ्या करत जातं, पीएच घसरतो, रंग पिवळट होतो. वीज गेली, फ्रिज दिवसभर बंद राहिला, असं दोन-चारदा झालेली बाटली बिनदिक्कत फेकून द्यावी. फिकं पिवळं आहे, चालेल, असं म्हणून वापरलेल्या बाटलीमुळे जेवढे तुकडे वाया जातात, तेवढे बहुधा दुसऱ्या कशाने जात नसतील.

तुकडा काढल्या काढल्या मेणाच्या पट्टीवर, द्रावणाच्या थेंबात ठेवून नव्या ब्लेडने त्याचे काप करायचे. बाजू एक मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दोन ब्लेडं कात्रीसारखी एकमेकांवरून ओढली की तुकडा चेपत नाही. आणि काप उभेच हवेत, म्हणजे प्रत्येकात वरची बाह्यत्वचा आणि खालची अंतस्त्वचा दोन्ही येतील. आडवे कापले तर एका तुकड्यात नुसती साल आणि दुसऱ्यात नुसता गर. द्रावण तुकड्यांच्या किमान 10 ते 20 पट, 4 अंश सेल्सिअसला दोन ते चार तास. रात्रभर राहिलं तरी बिघडत नाही. त्यानंतर ते ओतून थंड बफरमध्ये ठेवायचं.

फ्लुओरेसन्स तपासणीसाठी, म्हणजे चमकणारा रंग लावून प्रथिनं शोधण्यासाठी, वेगळा तुकडा लागणार असेल तर तो वेगळ्या बाटलीत, मिशेलच्या द्रावणात. ग्लुटराल्डिहाइडमध्ये गेलेला तुकडा त्या तपासणीला कायमचा बाद होतो.

घाटातून मुंबईकडे

अशी यंत्रं पवईच्या आयआयटीत, खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात वगैरे आहेत. आधी फोन करून, नमुना कुठल्या द्रावणात हवा ते विचारून मगच पाठवायचा, कारण प्रत्येक ठिकाणची पद्धत थोडी वेगळी असते आणि रुग्णांचे नमुने सगळीकडे घेतातच असं नाही. कणकवली-सावंतवाडीकडून साडेचारशे-पाचशे किलोमीटरचा रस्ता. परशुराम घाटातली वळणं आणि महामार्गाचे खड्डे खाताना अर्धी भरलेली बाटली हिंदकळते, तुकडा झाकणाला चिकटतो आणि तिथंच वाळतो. उपाय साधा आहे: बाटली काठोकाठ भरावी. झाकणाभोवती पॅराफिल्म, म्हणजे ताणली जाणारी मेणासारखी पट्टी. लेबल पेन्सिलीने लिहावं, कारण एक थेंब अल्कोहोल सांडलं की पेनाची शाई वाहून जाते.

थर्मासमध्ये बर्फ ठेवायचा, पण बाटली बर्फाला टेकू द्यायची नाही. मधे वर्तमानपत्राची घडी घालावी. तुकडा गोठला की पाण्याचे स्फटिक पेशी फाडतात आणि ती भोकं मग कुठल्याच उपायाने बुजत नाहीत. मासळी बर्फात टिकते म्हणून हीही टिकेल, असा समज होणं साहजिक आहे. पण गोठून सुटलेली सुरमई शिजवताना फार बिघडत नाही, पेशीच्या आतली रचना मात्र गेलेली असते.

आणि चुकून सगळा तुकडा फॉर्मालिनमध्येच गेला असेल तर? तो टाकून देऊ नका. पेशींचे पडदे खराब दिसतील, पण कोलॅजन, मेलॅनिनचे कण, विषाणू, कॅडासिलमध्ये रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचणारा काळा गाळ यांतलं बरंच त्यातूनही ओळखू येतं.

ऑस्मियम, अल्कोहोल आणि पावसाळा

लॅबमध्ये तुकडे 1 टक्का ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये तास-दोन तास जातात. ऑस्मियम चरबीला धरतं, आणि पेशीचे पडदे चरबीचेच असल्याने ते काळे उठून दिसतात. तुकडा कोळशासारखा होतो. याची वाफ डोळ्याच्या बुबुळालाही तसंच काळं करू शकते, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात, आणि हातमोजे घालूनच.

पुढे पाणी काढायचं: अल्कोहोल 50, 70, 90 टक्के, मग शुद्ध अल्कोहोल तीनदा, दर खेपेला दहा-पंधरा मिनिटं. त्यानंतर प्रोपिलीन ऑक्साइड आणि मग एपॉक्सी रेझिन, म्हणजे तुकड्यात शिरून भट्टीत घट्ट होणारं प्लास्टिक. कोकणात खरी परीक्षा इथं असते. जूनमध्ये डब्याचं झाकण अर्धा तास उघडं राहिलं की पापड सादळतात. शुद्ध अल्कोहोलही तसंच सादळतं. बाटली चार वेळा उघडली की ते 'शुद्ध' राहिलेलं नसतं. तुकड्यात पाण्याचा अंश उरला की रेझिन तिथं शिरत नाही. भट्टीतून ब्लॉक बाहेर येतो तो रबरासारखा मऊ, आणि कापताना तुकडा रेझिनमधून निखळून पडतो. म्हणून शुद्ध अल्कोहोलच्या बाटलीत पाणी शोषणारे मॉलिक्युलर सीव्हचे मणी टाकतात, हलवत नाहीत, आणि वरचं नितळ तेवढंच घेतात. मण्यांची धूळ तुकड्यात गेली तर पुढे हिऱ्याच्या सुरीची धार जाते, आणि त्या सुरीची किंमत ऐकून माणूस मणी हलवणं आपोआप सोडतो. रेझिनची सामग्री फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर थंड बाटलीच्या आत दव धरतं.

कातडी हा रेझिनच्या दृष्टीने त्रासदायक अवयव. वरचा मृत थर कडक आणि चरबीने भरलेला, खालचं कोलॅजन दाट. यकृताच्या वेळापत्रकाने कातडी बसवली तर बाह्यत्वचेच्या वरच्या थरात भोकं राहतात. रेझिन आणि प्रोपिलीन ऑक्साइड समप्रमाणात रात्रभर, मग शुद्ध रेझिन दोन-तीनदा बदलून प्रत्येकी काही तास, एवढा धीर धरावा लागतो. तळहात-तळपायाच्या कातडीला त्याहून जास्त. शेवटी 60 अंशाच्या भट्टीत 24 ते 48 तास. मधेच वीज गेली तर ब्लॉक अर्धवट घट्ट होतो, तेव्हा भट्टीला बॅकअप हवाच. न सुकलेलं एपॉक्सी हाताला लागलं तर त्याची ॲलर्जी कायमची जडू शकते. कातडी तपासणाऱ्यालाच कातडीचा आजार, अशी गत.

सुपारीपेक्षा बारीक कातरणं

अडकित्त्याने सुपारी पातळ कातरायची तर ती फार ओली नको, फार ठणठणीतही नको. ब्लॉकचंही तसंच. आधी अर्धा ते एक मायक्रोमीटरचा जाडसर काप काढून टोल्युइडीन ब्लूने रंगवतात आणि साध्या मायक्रोस्कोपखाली बघतात: बाह्यत्वचा आली का, फोड कुठे, रक्तवाहिनी कुठे. ती जागा ठरवून ब्लॉकचं तोंड कोरतात. मग अल्ट्रामायक्रोटोमवर, म्हणजे अतिपातळ काप काढणाऱ्या यंत्रावर, खरे काप, 60 ते 90 नॅनोमीटरचे. केसाच्या जाडीचे हजार काप झाले समजा.

काप सुरीच्या मागच्या पाण्यावर तरंगत येतात आणि त्यांची जाडी रंगावरून कळते. तवंगावर दिसतात तसे हे रंग. करडा म्हणजे फार पातळ, चंदेरी म्हणजे बरोबर, सोनेरी थोडा जाड, जांभळा टाकाऊ. सुरकुत्या पडल्या तर क्लोरोफॉर्ममध्ये बुडवलेली कागदाची पट्टी वरून फिरवतात, काप पसरतो. कापावर आडव्या समांतर पट्ट्या उमटल्या तर ब्लॉक मऊ आहे, नाहीतर खोली थरथरते आहे. महामार्गालगतच्या इमारतीत ट्रक गेला की पट्टी उमटते. उभे ओरखडे असतील तर सुरीची धार तुटलीय, जागा बदला.

काप तांब्याच्या जाळीवर, ग्रिडवर उचलतात. ग्रिडचा व्यास जेमतेम 3 मिलिमीटर. त्यावर युरेनिल ॲसिटेट आणि लेड सायट्रेट यांनी रंगकाम होतं. रंग म्हणजे जड धातू: जिथं बसतो तिथं इलेक्ट्रॉन अडतात आणि चित्रात काळं येतं. लेड सायट्रेटचं आपल्या श्वासाशी वैर आहे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मिळाला की शिशाचा कार्बोनेट तयार होतो आणि कापावर काळी वाळू शिंपडल्यासारखी दिसते. मास्क लावून, डबीत सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवून आणि उकळून निवलेलं पाणी वापरून हे टळतं.

आता दिसतं काय

खालून वर जाऊ. अंतस्त्वचेत कोलॅजनचे दोर, सुंभासारखे पिळलेले, आणि प्रत्येकावर सुमारे 67 नॅनोमीटर अंतराने आडवे पट्टे. आडव्या छेदात निरोगी दोर गोल दिसतात. एहलर्स-डॅनलॉसच्या काही प्रकारांत त्यांच्या कडा फाटून फुलांसारख्या पाकळ्या झालेल्या असतात.

त्यावर सगळ्यात महत्त्वाची जागा, बाह्यत्वचा जिथं बसते ती. जुन्या घराचं जोतं डोळ्यांसमोर आणा. लॅमिना डेन्सा नावाची 30 ते 50 नॅनोमीटरची गडद पट्टी म्हणजे जोतं. तिच्या खाली सातव्या प्रकारच्या कोलॅजनचे फासे जमिनीत रुतलेले. वर लॅमिना ल्युसिडा ही फिकी पट्टी, आणि तिच्यावर तळाच्या पेशी हेमिडेस्मोसोम नावाच्या खिळ्यांनी ठोकलेल्या. एपिडर्मोलिसिस बुलोसात प्रश्न एवढाच असतो की घर कुठून सुटलं. भिंतच मधून फुटली, म्हणजे तळाच्या पेशी फाटल्या, तर सिम्प्लेक्स. भिंत जोत्यावरून सुटली, चीर लॅमिना ल्युसिडातून गेली, तर जंक्शनल. जोतं भिंतीसकट जमिनीवरून उचललं गेलं तर डिस्ट्रॉफिक. त्यात खालचे फासे विरळ किंवा गायब असतात. डिस्ट्रॉफिक ओळखण्याची खूण सोपी: त्यात गडद पट्टी फोडाच्या छताला दिसते, बाकी दोन्हींत तळाला. बाळाचं पुढचं आयुष्य या तिन्हींत फार वेगळं असतं, आणि चिरेच्या जागांमधलं अंतर मात्र नॅनोमीटरमध्ये मोजायचं. साध्या मायक्रोस्कोपला तिन्ही सारखेच, 'बाह्यत्वचेखालचा फोड' म्हणून दिसू शकतात.

तळाच्या पेशींत मेलॅनिनचे कण. उन्हात राबणाऱ्या कोकणी माणसाच्या सावळ्या कातडीत ते मोठे आणि सुटे-सुटे असतात. गोऱ्या युरोपीय कातडीत लहान आणि पुंजक्यांनी. रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या मात्र दोघांत जवळपास सारखीच. हे कण पेशीच्या केंद्रकावर वरच्या बाजूने जमतात, लावणी करणाऱ्याने पाठीवर इरलं घ्यावं तसं. इरलं पाऊस अडवतं, हे अतिनील किरण.

वरच्या थरांत पेशी एकमेकींना डेस्मोसोमने बांधलेल्या दिसतात. दोन्ही बाजूंना गडद चकत्या, त्यांतून निघणारे 10 नॅनोमीटरचे केराटिनचे धागे. काजूच्या टरफलाचं तेल किंवा आंब्याचा चीक लागून अंगावर उठतं तेव्हा इथंच पाणी भरतं: पेशींमधली जागा रुंदावते, डेस्मोसोम ताणले जातात, शेवटी तुटतात आणि फोड येतो. मधूनच लँगरहान्स पेशी भेटतात, त्यांच्यात टेनिसच्या रॅकेटसारख्या दिसणाऱ्या बिरबेक कणिका. 1961 साली त्या दिसल्या आणि पुढे कित्येक वर्षं ही पेशी ओळखण्याची ती पक्की खूण होती.

आणखी वर 0.2 ते 0.3 मायक्रोमीटरच्या पिशव्या, आत एकावर एक रचलेल्या घावण्यांसारखे चरबीचे थर. त्या पेशीबाहेर रिकाम्या होतात आणि वरच्या मृत थराचा चुना तयार होतो. मृत पेशी म्हणजे चिरे, चरबी म्हणजे मधला चुना. गंमत अशी की नेहमीच्या ऑस्मियममध्ये हा चुना दिसतच नाही, चिऱ्यांमध्ये मोकळी जागाच दिसते. रुथेनियम टेट्रॉक्साइड वापरलं की थर उमटतात. हे माहीत नसेल तर निरोगी कातडीलाही 'फटी आहेत' असा शेरा बसेल. लावणीत दिवसभर चिखलात उभं राहिल्यावर किंवा कोळंबी सोलताना हात ओले राहिल्यावर याच थरात फरक पडतो: मृत पेशी कित्येक पट फुगतात आणि चरबीच्या थरांमध्ये पाण्याची डबकी साचतात. पायाला चिखल्या होतात त्याची सुरुवात इथली.

वरवरचं बघायचं असेल तर

एसईएमला काप लागत नाहीत, पण तुकडा पूर्ण कोरडा लागतो. उघड्यावर वाळवला तर त्याचा बोंबील होतो: पाणी जाताना पृष्ठताण सगळं आत ओढून घेतो. म्हणून अल्कोहोलची जागा द्रवरूप कार्बन डायऑक्साइडला देतात आणि तो 31 अंशांच्या व सुमारे 74 बार दाबाच्या वर नेतात. तिथं द्रव आणि वायू यांतला भेदच राहत नाही, त्यामुळे ओढणारा ताणही नाही. नंतर 10 ते 20 नॅनोमीटर सोन्याचा मुलामा. मुलामा कमी पडला तर इलेक्ट्रॉन साचतात आणि चित्रात पांढरे झगमगाट येतात. आधी बफर नीट धुतला नसेल तर कातडीवर मिठागरासारखे स्फटिक दिसतात. कातडी कापायचीच नसेल तर दातांच्या डॉक्टरकडचं सिलिकॉन लावून ठसा घेतात, त्यात रेझिन ओततात आणि तो साचा बघतात.

फसवणारी चित्रं

काळे ठिपके दिसले की ते मेलॅनिन की शिशाचा कचरा? ग्रिड सरकवून तुकड्याच्या बाहेरचं रिकामं रेझिन बघावं. तिथंही ठिपके असतील तर तो कचरा. माइटोकॉन्ड्रिया फुगलेले दिसले तर आजाराचं नाव घेण्याआधी तुकड्याची कड बघावी. कडेला नीट आणि गाभ्यात फुगलेले असतील तर तो साका. फोडासारखी चीर दिसली तर तिच्यात रक्तद्रव, पांढऱ्या पेशी काही आहेत का ते बघावं. अगदी रिकामी आणि कडा फाटलेल्या असतील तर संशय चिमट्यावर. आणि कितीही पाहिलं तरी आपण फार थोडं पाहिलेलं असतं. एक मिलिमीटरचा तुकडा 70 नॅनोमीटरच्या कापांत पूर्ण बघायचा तर 14,000 च्या वर काप लागतील, प्रत्यक्षात पाच-दहा बघितले जातात. म्हणून 'सापडलं नाही' असा रिपोर्ट आला की आधी विचारावं, किती ब्लॉक कापले आणि त्यांत हवी ती रक्तवाहिनी किंवा फोडाची कड आली होती का. उरलेले ब्लॉक परत मागता येतात. सिलिका जेलच्या डबीत ठेवले तर ते वर्षानुवर्षं टिकतात. जेलचा रंग बदलला की ते भट्टीत तापवून पुन्हा वापरायचं, पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी.